एकच खंड, एकच पेशा, दोन वाटा : निजामाच्या राज्यातील अरब आणि रोहिले

१/ हिंगोली म्हटले की संत नामदेवांचे नर्सी आणि औंढ्याचा नागनाथ आठवतो. एकोणिसाव्या शतकात मात्र येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. ही फौज निजामाच्या पैशावर पोसलेली, पण हुकमत इंग्रज अधिकाऱ्यांची. या धाग्याची सुरुवात तिच्याच खर्चापासून होते.

२/ कंटिन्जंटचा पगार थकत गेला, कर्ज फुगले आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. परंतु निजामाचे धनको केवळ इंग्रज नव्हते. त्याच्या स्वतःच्या अनियमित फौजेतील परदेशी जमादारांचेही तो देणे लागत होता.

३/ या फौजेत आशियातूनच आलेले दोन गट ठळक होते : हद्रमौतचे, म्हणजे आजच्या येमेनमधील अरब आणि अफगाण वंशाचे रोहिले. दोघेही पोटासाठी दख्खनेत आले, दोघेही शिपाईगिरीवर जगले. आर्थिक वाटा मात्र निराळ्या झाल्या.

४/ त्याचे एक मोठे कारण संघटना. अरब शिपाई आपल्या जमादाराच्या हाताखाली टोळीने चाकरी करीत. पगार जमादारामार्फत वाटला जाई, त्यामुळे त्याच्या हाती पैसा साचे. तोच तो सरकारला कर्जाऊ देई आणि हमी म्हणून तालुक्यांचा महसूल लावून घेई. सेनानायक असा सावकार झाला.

५/ रोहिल्यांच्या हाती असे तालुके फारसे आले नाहीत. अनेकांच्या वाट्याला पहारेदारी, सावकारासाठी वसुलीचा तगादा आणि किरकोळ व्याजबट्टा आला. रयतेला दारात बसलेला रोहिला दिसे. मोठ्या कर्जाचा नफा दूर हैदराबादेत मोजला जाई.

६/ अरबही सारे सारखे नव्हते. उमर बिन अवद अल-कुऐती या जमादाराने हैदराबादेत कमावलेल्या संपत्तीतून हद्रमौतमध्ये सत्तेचा पाया घातला. त्याच्या घराण्याचे राज्य १९६७ पर्यंत टिकले. साध्या शिपायांची आठवण हैदराबादच्या ‘बारकस’ वस्तीत उरली आहे. हे नाव ‘बराक’ या शब्दाचेच रूप.

७/ १८५३ मध्येच दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाने जमादारांकडे अडकलेले तालुके सोडवून घेतले आणि महसुलाची वसुली सरकारी अधिकाऱ्यांकडे सोपवली. अरबांच्या सावकारी सत्तेला येथून ओहोटी लागली.

८/ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर अरब आणि पठाणांपैकी अनेकांना परदेशी मानून स्थानबद्ध करण्यात आले, काहींची परदेशी रवानगीही झाली. कित्येकांचा जन्म याच मातीतला होता. ‘अरब’ हा शब्द जमादारालाही लागू होता आणि शिपायालाही. मालमत्ता मात्र दोघांची कधीच सारखी नव्हती. म्हणून स्थलांतरितांचा इतिहास वाचताना ‘कोठून आले?’ या प्रश्नाला ‘कोणत्या अटींवर आले?’ हा प्रश्न जोडावाच लागतो.