हिमोग्लोबिन सारखे कमी येते? सिकलसेलची तपासणी झाली का, ते विचारा

चांदीप हे वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातले गाव. या भागातल्या पाड्यांवर आणि वस्त्यांत काम करताना तरुण मुले-मुली घडी घातलेला लॅबचा रिपोर्ट आमच्या हातात देतात. हिमोग्लोबिन 8 किंवा 9, शेजारी खाली जाणारा बाण. बाकीच्या तक्रारी तोंडी असतात: सांधे ठणकतात, दम लागतो, डोळे पिवळट दिसतात, पावसात भिजले की हाडे दुखतात. कोणी संधिवात म्हणते, कोणी कावीळ, तर कोणी कामाचा कंटाळा. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहतात. हिमोग्लोबिन कमी का झाले, हे विचारायचे राहूनच जाते.

रिपोर्ट कसा वाचावा?

प्रौढ पुरुषात 13 आणि गरोदर नसलेल्या स्त्रीत 12 ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. पण रक्तक्षय हे लक्षण आहे, कारण वेगळे शोधावे लागते. तरुणांत बहुतेक वेळा ते लोहाची कमतरता, पाळीतला जास्त रक्तस्राव, जंत किंवा बी-12 ची कमतरता हेच असते. म्हणून एक बाण पाहून घाबरू नये. मात्र पुढील गोष्टी एकत्र दिसल्या तर सिकलसेलचा विचार झालाच पाहिजे:

- गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही
- फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पुरेसा आहे
- बिलिरुबिन आणि रेटिक काउंट वाढलेले आहेत
- हाडे, पाठ, छाती किंवा खुब्यात वारंवार तीव्र वेदना होतात
- घरात कोणाला असाच त्रास आहे

हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही कमी असतील तर कारण वेगळे असू शकते. डॉक्टरांना लगेच दाखवावे.

हा आजार काय आहे?

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनची रचना जन्मतःच बदललेली असते. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पेशी फुटल्यामुळे रक्तक्षय होतो व डोळे पिवळे दिसतात; अडकल्यामुळे वेदना होतात. हा संसर्ग नाही. एकत्र जेवल्याने किंवा राहिल्याने तो पसरत नाही.

आपल्याशी संबंध काय?

भारतात या आजाराची पहिली नोंद 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी, 1958 मध्ये, शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. आज विदर्भातील बौद्ध समाजात आणि पालघरसह राज्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आढळतो. म्हणून हा 'खालच्या जातीचा रोग' आहे का? मुळीच नाही. वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते, हे अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेत दाखवून दिले. मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले. आफ्रिका, अरबस्तान आणि भूमध्य समुद्राभोवतीही ते आहे.

तपासणी कोणती?

साध्या सीबीसीत सिकलसेल निश्चित कळत नाही. सोल्युबिलिटी चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसनेच ठरते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर ते आधी सांगावे, नाहीतर निकाल फसवू शकतो.

- एए: सिकलसेल नाही
- एएस: वाहक. सहसा त्रास नसतो. म्हणून त्रास असेल तर दुसरे कारण शोधावे
- एसएस: रुग्ण. नियमित उपचार हवेत

रुग्णांसाठी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. भरपूर पाणी पिणे आणि थंडीपासून जपणेही गरजेचे.

थांबू नका, दवाखाना गाठा

एसएस रुग्णाला जोराचा ताप, छातीत दुखून दम लागणे, हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे किंवा अचानक पांढरे पडणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

लग्न आणि हक्क

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के असते. एकच जण वाहक आणि दुसरा एए असेल तर मूल एसएस होत नाही. म्हणजे वाहक मुलगी नाकारणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. तपासणी दोघांनीही करावी.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

19 जून हा जागतिक सिकलसेल दिन. त्या दिवशी विहारात आरोग्य केंद्राच्या मदतीने शिबिर घेता येईल. कार्यकर्त्यांना एकच विनंती: निकाल ज्याचा त्याच्याच हातात द्या, यादी भिंतीवर लावू नका. एकदा नाव फुटले की पुढच्या वर्षी तपासणीला कोणी येत नाही.