ड्राय नीडलिंग : स्नायूंच्या दुखण्यावरचा सुईचा इलाज

पवनी तालुक्यातील आसगाव आणि आजूबाजूच्या गावांत धानाची रोवणी झाली की कंबर, पाठ आणि खांदे धरून बसलेली माणसे घरोघरी दिसतात. विड्या वळणाऱ्या आणि शिलाई मशीनवर बसणाऱ्या महिलांची मान तर बारा महिने दुखते. अशा दुखण्यावर फिजिओथेरपिस्ट आता ‘ड्राय नीडलिंग’ सुचवतात. हा इलाज काय आहे आणि तो कोणाकडून घ्यावा, हे आम्ही इथे थोडक्यात सांगत आहोत.

ड्राय नीडलिंग म्हणजे काय?

सतत ताण पडलेल्या स्नायूत कडक पट्टा तयार होतो. त्यातला एक बिंदू दाबला की खूप दुखतो आणि कधी कधी ती कळ दूरपर्यंत जाते. खांद्यातल्या गाठीमुळे डोकेही दुखू शकते. या बिंदूला ‘ट्रिगर पॉइंट’ म्हणतात. त्यात केसासारखी बारीक, भरीव सुई घालतात. सुईतून कोणतेही औषध जात नाही, म्हणून तिला ‘कोरडी’ म्हणतात. सुई नेमकी लागली की स्नायू क्षणभर फडफडतो आणि मग ताण कमी होऊ लागतो.

अमेरिकेच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर होत्या. त्या अशा बिंदूंत बधिर करणारे औषध टोचत. पुढे १९७९ मध्ये चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी औषधाविना नुसत्या सुईनेही आराम पडतो, असे मांडले.

हिजामा आणि अॅक्युपंक्चर वेगळे

हिजाम्यात त्वचेवर बारीक चिरा देऊन कपाने रक्त ओढतात. ड्राय नीडलिंगमध्ये रक्त काढत नाहीत. अॅक्युपंक्चरची सुई तशीच असते, पण ती पद्धत चिनी वैद्यकातली आहे. महाराष्ट्रात तिच्यासाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे.

फायदा किती?

मान, खांदा, कंबर यांच्या दुखण्यात काही दिवस ते काही आठवडे आराम मिळतो, असे अभ्यासांत दिसते. दीर्घकाळच्या फायद्याचा पुरावा मात्र कमी आहे. म्हणून सुईसोबत व्यायाम आणि बसण्या-वाकण्याच्या सवयीत बदल हवाच. नुसती सुई घेऊन परत तसेच काम केले तर दुखणे परत येते.

सुई घेण्याआधी हे पाहा

१. सुई देणारा फिजिओथेरपीची पदवी घेतलेला आणि या पद्धतीचे वेगळे प्रशिक्षण घेतलेला असावा. विचारायला लाजू नका.
२. सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली, एकदाच वापरायची असावी. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात.
३. रक्त पातळ करण्याची गोळी, गरोदरपण, मधुमेह, त्वचेवरचा जंतुसंसर्ग हे आधीच सांगा.
४. महिलांनी महिला फिजिओथेरपिस्ट मागावी किंवा घरातले कुणी सोबत न्यावे. परद्याची सोय मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

सुईनंतर एक-दोन दिवस जागा ठणकते, थोडे काळे-निळे पडते. यात घाबरण्यासारखे काही नाही. पण पाठीच्या वरच्या भागात, खांद्यावर किंवा छातीजवळ सुई खोल गेली तर क्वचित फुप्फुसाला इजा होते. नंतर दम लागला किंवा छातीत कळ आली तर लगेच १०८ वर फोन करून दवाखाना गाठा.

आणखी एक महत्त्वाचे. छातीत दाब, डाव्या हातात कळ आणि घाम, हे स्नायूचे दुखणे समजून सुई शोधत बसू नका. तो हार्ट अटॅक असू शकतो. हातपाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा जाणे, तापासोबत पाठदुखी यांतही आधी डॉक्टरच.

रोजा आणि वुजू

या सुईतून पोटात ना अन्न जाते, ना औषध, म्हणून बहुतेक उलेमांच्या मते रोजा तुटत नाही. रक्त निघून वाहिले तर हनफी मसलकाप्रमाणे वुजू पुन्हा करावा लागतो. शंका असेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा.

इलाज करणे ही सुन्नत आहे, पण जाणकाराकडून. गावात कुणी सुया घेऊन आला आणि ‘एका बैठकीत बरे करतो’ म्हणाला, तर अम्मी-अब्बांची पाठ त्याच्या हाती देऊ नका.