दिनविशेष १२ जानेवारी : देवासचा सूर, पुणतांब्याची चाल आणि बागच्या भिंतीवरच्या टिपऱ्या

बाग (जि. धार) : १२ जानेवारी म्हटलं की आपल्याकडे आधी आठवते ती जिजाऊ जयंती, मग विवेकानंद जयंती. ते योग्यच. पण करमणुकीच्या, गाण्याबजावण्याच्या इतिहासातही ही तारीख मराठी माणसासाठी भरगच्च आहे. एका मोठ्या संगीतकाराचा जन्म, एका युगप्रवर्तक गायकाचं निधन आणि पडद्यावरच्या सर्वांत दरारा असलेल्या खलनायकाचा शेवटचा दिवस, हे सगळं याच तारखेला.

सुरुवात देवासपासून. १२ जानेवारी १९९२ रोजी पंडित कुमार गंधर्व यांचं देवासला निधन झालं. वय ६७. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावचा. घरची भाषा कन्नड. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी लहानपणीच एका मठाच्या स्वामींनी दिलेली. मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हा पोरगा त्या जशाच्या तशा म्हणायचा, आणि लोक तोंडात बोटं घालायचे. अकरा-बारा वर्षांचा असताना तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला आला. देवधर मूळचे मिरजेचे. म्हणजे बेळगाव, मिरज, मुंबई असा हा प्रवास. तो पुढे माळव्यात जाईल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल.

कारण घडलं ते क्षयाचं. विशी ओलांडता ओलांडता कुमारांना क्षय झाला. त्या काळात क्षय म्हणजे जवळपास निरोपच. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मधला, ते औषध आपल्याकडे नुकतं कुठे मिळू लागलेलं. डॉक्टरांनी कोरड्या हवेच्या गावी जायला सांगितलं आणि गाणं बंद करायला सांगितलं. १९४८ मध्ये कुमार देवासला आले ते अंथरुणावरच. पत्नी भानुमती स्वतः देवधरांच्या शिष्या, चांगल्या गाणाऱ्या. त्यांनी देवासला शाळेत नोकरी धरली, घर चालवलं आणि नवऱ्याची सेवा केली. कुमारांच्या पुनर्जन्माची गोष्ट सांगताना या बाईंचं नाव एका ओळीत उरकलं जातं. खरं तर तो सगळा हिशेब त्यांच्या पगारावर उभा होता.

देवासचंही थोडं सांगायला हवं. पवारांचं हे संस्थान दोन पात्यांत वाटलेलं, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, राजे दोन. ‘अ पॅसेज टू इंडिया’ लिहिणारे ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. तिथल्या गोकुळाष्टमीचं वर्णन त्यांनी ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात केलंय. थोरल्या पातीचे विक्रमसिंह पवार १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून गेले. म्हणजे देवासचा राजा कोल्हापूरला गेला आणि वर्षभराच्या आत बेळगावकडचा गवई देवासला आला. उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखे दिग्गज याच गावात राहत होते, तेव्हा गाण्याचे कान इथे आधीपासून तयार होते.

पाच-सहा वर्षं गाणं बंद. पण कान बंद नव्हते. टेकडीच्या पायथ्याशी पडल्या पडल्या कुमार ऐकत राहिले : बाजाराला जाणाऱ्या बायकांची गाणी, लग्नातली गाणी, फिरत्या नाथपंथी भजन्यांचा एकतारी सूर. बरे झाल्यावर त्यांनी माळव्यातली लोकगीतं जमवली, त्यांची स्वरलिपी लिहिली. या धुनांच्या पोटात राग दडलेले आहेत हे त्यांनी ओळखलं. मालवती, संजारी, सहेली तोडी, लगनगंधार असे ‘धुनउगम’ राग त्यातून निघाले. त्यांच्या बंदिशी ‘अनूपरागविलास’ या पुस्तकात आल्या. शीलनाथ महाराजांच्या धुनीशी नातं सांगणाऱ्या परंपरेतून निर्गुणी भजनं मिळाली आणि कबीर मराठी घराघरांत पोचला तो याच आवाजातून.

आजारानं एक फुफ्फुस जवळपास निकामी केलेलं. लांबलचक ताना घेणं शक्य नव्हतं. मग लहान, धारदार, मध्येच सोडून दिलेल्या आणि पुन्हा उचललेल्या स्वरवाक्यांची गायकी तयार झाली. परंपरावाल्यांना ती पटली नाही. ‘हे कुठल्या घराण्याचं?’ असा सवाल वर्षानुवर्षं चालला. दुसरीकडे पु. ल. देशपांडे, वामनराव देशपांडे, इंदूरचे रामूभैया दाते, राहुल बारपुते अशी जाणकार मंडळी पाठीशी उभी राहिली.

भानुमती १९६१ मध्ये बाळंतपणात गेल्या. पुढच्या वर्षी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह झाला आणि त्यांनी मैफलीत बरोबरीनं साथ दिली. देवासच्या घराचं नाव मात्र ‘भानुकुल’. मुलगा मुकुल शिवपुत्र, मुलगी कलापिनी कोमकली आणि नातू भुवनेश यांनी गाणं पुढे नेलं. १९७७ मध्ये पद्मभूषण, १९९० मध्ये पद्मविभूषण. आज बेळगावात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे आणि मध्य प्रदेश सरकार तरुण कलावंतांना त्यांच्या नावाचा राष्ट्रीय सन्मान देतं. सीमेच्या दोन्ही टोकांना ‘आमचे कुमार’ म्हणणारे आहेत. ज्यांना शास्त्रीय गाणं कळत नाही असं वाटतं, त्यांनीही ‘देव दीनाघरी धावला’ नाटकातलं ‘ऋणानुबंधाच्या’ ऐकलेलं असतंच. संगीत वसंत देसाईंचं, सोबत वाणी जयराम.

आता त्याच तारखेचा जन्म. १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून नुसतं चितळकर, इंडस्ट्रीत ‘अण्णा’. हिरो व्हायला आले होते. ‘नागानंद’ चित्रपटात काम केलं, जमलं नाही, मग हार्मोनियम धरली. ‘शहनाई’, ‘पतंगा’, ‘अलबेला’, ‘अनारकली’, ‘आझाद’, ‘नवरंग’ ही यादीच बोलकी आहे. ‘अलबेला’त (१९५१) भगवानदादा नाचले आणि अण्णांच्या वाद्यवृंदात गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट होता. सॅक्सोफोन, बोंगो आणि लावणीचा ठेका एकाच ताटात वाढण्याची करामत त्यांचीच. मराठीत ‘घरकुल’ची गाणी आणि गदिमांचं ‘गीतगोपाल’ विसरून चालणार नाही.

आणि अर्थातच ‘ऐ मेरे वतन के लोगो’. १९६२ च्या चीन युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी ते गायलं. त्याआधी काही वर्षं लताबाई आणि अण्णा यांचं एकत्र काम थांबलेलं होतं. या गाण्याचा सात-बारा पाहण्यासारखा आहे : चाल पुणतांब्याच्या माणसाची, शब्द उज्जैन जिल्ह्यातल्या बडनगरच्या कवी प्रदीप यांचे, आवाज इंदूरला जन्मलेल्या लताचा. दोन धागे माळव्याचे, एक गोदाकाठचा. अण्णांचं आत्मचरित्र ‘माझ्या जीवनाची सरगम’. ते गेले ५ जानेवारी १९८२ ला, चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर असताना.

१२ जानेवारी २००५ ला मुंबईत अमरीश पुरी गेले. मोगॅम्बो सगळ्यांना पाठ आहे, त्यावर वेगळं लिहायला नको. कमी लोकांना आठवतं ते असं की हा पंजाबी माणूस राज्य कर्मचारी विमा महामंडळात बरीच वर्षं नोकरी करत संध्याकाळी नाटकं करायचा. सत्यदेव दुबे यांच्या तालमीत घडलेला हा नट ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ चित्रपटात (१९७१) होता, कर्नाडांच्या कन्नड ‘काडू’त होता आणि हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरून आलेल्या ‘भूमिका’तही.

जगाच्या पाठीवर : १९७६ मध्ये याच दिवशी रहस्यकथांची राणी अगाथा ख्रिस्ती वारली. तिचं ‘द माउसट्रॅप’ लंडनमध्ये १९५२ पासून चालू आहे; २०२० मध्ये कोरोनामुळे पडदा पाडावा लागला तेवढाच मोठा खंड.

राहिलं बाग. इथल्या करमणुकीच्या सर्वांत जुन्या नोंदीला तारीखच नाही. विंध्याच्या उतारावर, बाघनी नदीकाठी कोरलेल्या बौद्ध लेण्यांत, ‘रंगमहाल’ म्हणतात त्या चौथ्या लेण्यात नाचाचं चित्र होतं. मधोमध नर्तक, भोवती फेर धरलेल्या बायका, कुणाच्या हातात ढोलकं, कुणाकडे झांजा, आणि कुणाच्या हातात चक्क टिपऱ्या. काळ साधारण पाचव्या ते सातव्या शतकाचा. भोंडला किंवा गरबा पाहिलेल्या कुणालाही ते चित्र समजावून सांगावं लागत नाही. बाग तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात, म्हणून १९२१ मध्ये नंदलाल बोस वगैरे चित्रकारांना बोलावून या चित्रांच्या नकला करून घेतल्या गेल्या. ते शहाणपणाचं झालं. पाण्याच्या झिरपण्यानं मूळ रंग खराब होत गेले, पुढे उरलीसुरली चित्रं भिंतीवरून सोडवून जतन करावी लागली. लेण्यात आज दगड आणि खांब पाहायला मिळतात. टिपऱ्या पाहायच्या तर ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयात त्या नकला आहेत.