प्रथम वर्षाची प्रयोगशाळा आणि जीवविचार

नवपदाच्या ओळीत श्रीपाळ-मयणासुंदरीची कथा वर्षातून दोनदा आपल्या कानी पडते. धवल शेठने समुद्रात ढकललेले श्रीपाळ राजा मगरमत्स्याच्या पाठीवरून कोकणच्या किनारी, ठाणा नगरीस सुखरूप पोहोचले, असे परंपरा सांगते. टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय या स्मृतीशी जोडलेले आहे. त्याच खाडीच्या काठी, चेंदणी बंदर मार्गावर, आज बांदोडकर विज्ञान महाविद्यालय उभे आहे. जीवशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमाने या परिसरात जी वाटचाल केली, ती जैन समाजाने फारशी नोंदवून ठेवलेली नाही. वास्तविक त्या वाटचालीशी समाजातील अनेक घरांचा जवळचा, आणि काहीसा बोचरा, संबंध आलेला आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मधली. परंतु ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांना विज्ञानाची पदवी घ्यावयाची तर पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणे, हाच दीर्घकाळ मार्ग होता. १९३७ मध्ये माटुंग्यास रुईया महाविद्यालय निघाले, तेव्हा हे अंतर थोडे कमी झाले, इतकेच. पुढे १९६५ मध्ये उल्हासनगरला चांदीबाई महाविद्यालय आले. १९६९ मध्ये ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाने महाविद्यालयीन शिक्षणाचा पाया घातला. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे आणि ठाण्याचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय १९७६ चे. डोंबिवलीकरांसाठी पेंढरकर महाविद्यालयाने दार उघडले. म्हणजे जीवशास्त्राची प्रयोगशाळा या परिसरातील मुलामुलींच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आली, त्याला जेमतेम अर्धशतक झाले आहे.

त्या प्रयोगशाळेत जे शिकवले जाई, त्याचा उगम मात्र फार दूरचा होता. १८७१ च्या उन्हाळ्यात लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात थॉमस हेन्री हक्स्ले यांनी शाळाशिक्षकांसाठी एक वर्ग घेतला. वनस्पती आणि प्राणी यांचा एकत्रित, प्राथमिक आणि स्वतःच्या हातांनी करावयाचा अभ्यास, ही कल्पना त्या वर्गाने रूढ केली. १८७५ मध्ये हक्स्ले आणि त्यांचे सहकारी मार्टिन यांनी त्या वर्गावर आधारलेले पुस्तक प्रसिद्ध केले. किण्व, अमिबा, बुरशी, नेचा, घेवड्याचे रोप, हायड्रा, शिंपला, क्रेफिश आणि शेवटी बेडूक अशा निवडक प्रतिनिधींच्या आधारे विद्यार्थ्यास साध्याकडून गुंतागुंतीच्या रचनेकडे नेण्याची ही पद्धती होती. गंमत अशी, की १८८८ च्या सुधारित आवृत्तीत हा क्रम उलटा करून बेडकापासूनच प्रारंभ करण्यात आला. परिचिताकडून अपरिचिताकडे जावे, हा त्यामागील विचार. बेडूक प्रथम वर्षाच्या मेजावर चढला, तो शतकभर उतरला नाही.

भारतात ही पद्धती ब्रिटिश पुस्तकांसह आली; त्यामुळे येथील विद्यार्थी प्रारंभी युरोपातील जीवांची वर्णने पाठ करीत. ही उणीव ओळखून लखनौ विद्यापीठाचे प्राध्यापक कर्म नारायण बहल यांनी भारतीय प्राण्यांवरील प्रबंधमाला हाती घेतली. १९२६ मध्ये तिचा पहिला ग्रंथ आला, तो आपल्या मातीतील गांडुळावर. पुढे शार्क आणि गोगलगाय यांवरही ग्रंथ निघाले. देशी प्राणी अभ्यासक्रमात आले, हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर ते मेणाच्या ट्रेमध्येही आले.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत प्रथम वर्षाचे प्रात्यक्षिक म्हणजे काय असे, हे त्या पिढीतील कोणीही सांगेल. क्लोरोफॉर्मचा वास, टाचण्यांनी ताणून बसवलेले झुरळ किंवा बेडूक, कात्री-चिमटा, मज्जातंतू तुटू नये म्हणून रोखलेला श्वास, जर्नलमधील आकृत्यांवर प्राध्यापकांची सही, आणि परीक्षेत चिठ्ठी उचलून मिळणारे विच्छेदन. ते टाळले, तर गुणांवर पाणी सोडावे लागे. जैन घरातील विद्यार्थ्यापुढे येथे खरा पेच उभा राहत असे. पाठशाळेत ‘जीवविचार’ शिकलेल्या मुलीने सोमवारी पंचेंद्रिय जीवाचे पोट कसे फाडावे? काहींनी आईवडिलांच्या सांगण्यावरून जीवशास्त्राऐवजी गणिताचा गट घेतला. काहींनी वाणिज्य शाखेचा सरळ रस्ता धरला. अर्थात त्यात व्यापारी परंपरेचा वाटाही मोठा होता, सगळे श्रेय बेडकाला देऊन चालणार नाही. काहींनी मन घट्ट करून प्रात्यक्षिक पुरे केले आणि गुरुमहाराजांपुढे आलोचना केली. त्यांतील कित्येक पुढे उत्तम डॉक्टर झाले.

ज्या समाजाकडे जीवांच्या वर्गीकरणाची इतकी जुनी परंपरा आहे, त्याच समाजाची मुले जीवशास्त्राच्या दारातून परत फिरावीत, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांची चढती मांडणी आहे. शांतिसूरींच्या ‘जीवविचार प्रकरणा’च्या ५१ गाथांत तीच तपशिलाने येते. हक्स्ले यांचा किण्वापासून बेडकापर्यंतचा क्रमही चढताच होता. मात्र दोहोंना एक मानण्याचा उत्साह आवरावयास हवा. जीवविचारात शंख, कवडी आणि जळू हे तिन्ही द्वींद्रियांत शेजारी बसतात; प्राणिशास्त्र शंख-कवडीला मृदुकाय संघात आणि जळवेला गांडुळासह वलयी संघात ठेवते. एकाची कसोटी इंद्रियांची, दुसऱ्याची शरीररचनेची आणि वंशसंबंधाची. आपल्या अनेक पुस्तिकांत कॅप्टन स्कोर्सबीने पाण्याच्या थेंबात पाहिलेल्या ३६,४५० जीवांचा दाखला हमखास असतो. प्रथम वर्षाचा विद्यार्थी तळ्यातील पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, तेव्हा त्याला कळते की ही संख्या थेंबागणिक बदलते; तळ्याची वेगळी, नळाची वेगळी. त्याने गाळलेले पाणी पिण्याच्या आचाराला बाध येत नाही. दाखला मात्र जपून द्यावा लागतो.

विच्छेदन थांबले, ते एका आदेशाने नव्हे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ मध्ये राज्यसभेत प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारे खासगी विधेयक मांडले. त्यातून घडलेल्या हालचालींची परिणती १९६० च्या कायद्यात झाली. त्या कायद्याच्या सतराव्या कलमात पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट अशा साधनांनी काम भागत असेल, तर महाविद्यालयांत प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, अशी स्पष्ट अपेक्षा नोंदलेली आहे. म्हणजे बिर्ला किंवा बांदोडकर महाविद्यालयाची वीट रचली जाण्यापूर्वीच ही तरतूद कागदावर होती! तिचा आधार घेऊन विद्यापीठाकडे संघटितपणे जाण्याचे काम समाजाने त्या काळी करावयास हवे होते. आपण मुलांना विषय बदलावयास सांगितले. अभ्यासक्रम बदलावा, असे फार उशिरा म्हटले.

दुसरीकडे बेडकाची स्थिती बिकट होत चालली होती. त्याच्या तंगड्यांची निर्यात दरवर्षी हजारो टनांनी होत असे. शेतातील किडींचा हा भक्षक नाहीसा होत असल्याचे लक्षात आल्यावर १९८७ मध्ये भारताने ती निर्यात बंद केली. प्राणिमित्र संघटनांचा पाठपुरावा चालूच राहिला. अखेर २०११ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पदवीच्या विद्यार्थ्यांनी विच्छेदन करू नये, शिक्षकांनी फार तर एका प्रजातीचे प्रात्यक्षिक दाखवावे, असे त्यांत होते. २०१४ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर प्राणिशास्त्रातील विच्छेदन पूर्णतः थांबवण्याचा निर्णय झाला.

या निर्णयाने सर्व प्राध्यापक आनंदले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. हाताला जाणवणारा ऊतींचा पोत, प्रत्येक प्राण्यात आढळणारा बारीकसा फरक, चुकलेल्या कापातून मिळणारा धडा, हे पडद्यावरील चित्र देऊ शकत नाही, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो पोकळ नव्हता. प्रतिकृतीतील सर्व बेडूक सारखेच असतात, निसर्गातील नसतात. परंतु प्रथम वर्षाच्या वर्गातील बहुतेक विद्यार्थी शल्यविशारद होणार नसतात, आणि शंभर वर्षे ठाऊक असलेली तीच धमनी पुन्हा पाहण्यासाठी प्रत्येक वर्गात जीव घ्यावा, याचे समर्थन त्या आक्षेपातून होत नाही.

बेडूक गेला, तरी जैन विद्यार्थ्याची परीक्षा संपली, असे नाही. पेशीविभाजन पाहण्यासाठी आजही कांद्याच्या मुळाचे टोक घेतात, रंगद्रव्यात बुडवतात आणि काचपट्टीवर दाबतात. स्वयंपाकघरात ज्याला प्रवेश नाही, तो कांदा येथे गुणसूत्रांच्या सोळा रेघा दाखवतो. मुळाच्या टोकाशी पेशी अखंड विभागत असतात, नवे कोंब फुटण्याची शक्ती कंदात साठलेली असते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर ‘अनंतकाय’ या शब्दाकडे विद्यार्थी नव्या कुतूहलाने वळतो. दोन्ही कल्पना एकच आहेत, असा दावा येथे नाही.

मोकळ्या झालेल्या तासांत अभ्यासक्रमाने जैवविविधता आणि तिचे संवर्धन यांना अधिक जागा दिली आहे, आणि या बाबतीत ठाण्याचे विद्यार्थी भाग्यवान म्हणावे लागतील. ६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडीचे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. खाडीच्या प्रदूषणावर आणि चिखलातील जीवांवर बांदोडकर महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने अभयारण्य होण्याच्या कितीतरी आधीपासून अभ्यास केलेला आहे. ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांपाशी निवट्या चिखलावर सरपटू लागतात, खेकडे बिळांतून बाहेर येतात, आणि जीवशास्त्राचा विद्यार्थी काठावर उभा राहून, हातात वही घेऊन, ते मोजू शकतो.