यंत्राने गाळलेला दुभाषी

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी एका लेखाची दोन पाने लिहून काढली होती, आणि ती साफ चुकीची होती. छापायला जाण्याआधी ती थांबली हे माझे नशीब. चूक माझीच होती. पण ती कशी घडली हे शोधत गेलो तेव्हा सतराव्या शतकातल्या गोव्यापासून १९५४ च्या न्यूयॉर्कपर्यंत जावे लागले. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी थोडे स्वतःविषयी सांगायला हवे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. सावंतवाडीत हिशेबनीसाची नोकरी केली आणि संध्याकाळी मराठे-पोर्तुगीज संबंधांवरची पुस्तके वाचली. वाचता वाचता लक्षात आले, की या विषयाचे मूळ कागद पोर्तुगीजमध्ये आहेत आणि ते वाचल्याशिवाय आपण दुसऱ्याच्या ओंजळीनेच पाणी पीत राहणार. म्हणून चाळिशी उलटल्यावर एक व्याकरण आणि एक जुना शब्दकोश घेऊन पोर्तुगीज शिकायला बसलो. आजही माझी गती बेताचीच आहे. दोन पानांना एक संध्याकाळ लागते, आणि गोव्याच्या राज्यमंडळाच्या बैठकींचे पिसुर्लेकरांनी संपादित केलेले वृत्तान्तच पाच खंडांचे आहेत. १९५३ ते १९५७ या काळात ते छापले गेले. असे हिशेब मांडले की आयुष्य पुरणार नाही हे कळते.

नळी आणि जासूद

पाच वर्षांपूर्वी भाच्याने माझ्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून दिले आणि जाता जाता म्हणाला, "मामा, तुम्ही शब्दकोश कशाला चाळत बसता? एक ओळीची आज्ञा देतो, तीच वापरा." त्या साधनाचे नाव ट्रान्सलेट शेल. काळ्या खिडकीत 'ट्रान्स' असे टाइप करून पुढे कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत हे सांगायचे आणि मजकूर द्यायचा. भाच्याने त्याच्यापुढची सोय करून दिली. स्कॅन केलेल्या पानाचे टेसरॅक्टने अक्षरांत रूपांतर करायचे, त्यातले हवे तेवढे वाक्य माऊसने सिलेक्ट करायचे आणि एक बटण दाबायचे. लिनक्समध्ये सिलेक्ट केलेला मजकूर कॉपी न करताही दुसऱ्या प्रोग्रामला उचलता येतो. तो उचलून 'ट्रान्स'कडे जातो आणि क्षणात मराठी ओळ समोर येते.

एका प्रोग्रामचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडात ओतण्याच्या या पद्धतीला 'पाइप' म्हणतात. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये आली. ट्रान्सलेट शेल ज्या 'ऑक' भाषेत प्रामुख्याने लिहिले आहे तीही त्याच बेल प्रयोगशाळेतली, १९७७ ची. म्हणजे माझ्या टेबलावरचे हे नवल निम्मे तरी माझ्या बालपणीचे होते.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. हे साधन स्वतः काहीच भाषांतर करत नाही. ते मजकूर इंटरनेटवरच्या भाषांतरसेवेकडे पोहोचवते आणि उत्तर घेऊन येते. जुन्या भाषेत सांगायचे तर तो जासूद आहे, दुभाषी नव्हे. थैली नेणारा आणि थैलीतले पत्र समजणारा यांतला फरक मी विसरलो आणि फसलो.

दोन पाने

फसलो ते असे. २७ जून १६८४ रोजी गोव्याचा व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने आदेश काढला, की स्थानिक लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी गोव्यावर चाल केली होती आणि पोर्तुगीज सत्ता मरणाच्या दारातून परतली होती. त्या आदेशामागे काय चालले होते, याचा मी शोध घेत होतो.

त्याच सुमाराच्या एका छापील नोंदीतला अर्धा तुकडा मी सिलेक्ट केला. यंत्राने मराठी दिले: 'राज्याच्या भाषेचा खर्च'. मी खुर्चीतून उठलोच! आदेशाच्या आधीपासून पोर्तुगीज सरकार भाषेवर पैसा खर्च करत होते, म्हणजे हे धोरण युद्धाच्या रागातून नव्हे तर पूर्वीपासून शिजत होते, असा सिद्धान्त मी त्या तीन शब्दांवर उभा केला. दोन पाने झाली. एका संपादकांना फोन करून लेख कबूलही केला.

मडगावला एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचे शिक्षण पोर्तुगीज अमदानीत लिसेवमध्ये झाले. माझे अडलेले कागद घेऊन मी अधूनमधून त्यांच्याकडे जातो. मी त्यांना बाई म्हणतो. बाईंनी चष्मा वर करून मूळ ओळ वाचली आणि विचारले, "हा 'दु' बघितलात का तुम्ही?"

मी म्हटले, "बघितला ना. 'चा' असा अर्थ."

"तसा नाही हो. भाषा असती तर 'दा' आलं असतं. जीभ बाईमाणूस आहे पोर्तुगीजमध्ये. इथे 'दु लिंग्वा' लिहिलंय. हा पुरुष आहे. दुभाषी आहे हा."

'लिंग्वा' म्हणजे जीभ, आणि जीभ म्हणजे भाषा. तेव्हा तो शब्द स्त्रीलिंगी. पण जुन्या पोर्तुगीजमध्ये दुसऱ्याच्या वतीने जीभ चालवणाऱ्या माणसालाही 'लिंग्वा' म्हणत, आणि तेव्हा शब्द पुल्लिंगी होई. 'लिंग्वा दु इश्तादु' हे गोव्याच्या सरकारातले अधिकारपद होते, सरकारी दुभाष्याचे. भाषेवर कुणी पैसा खर्च करत नव्हते. एका दुभाष्याचा खर्च मंजूर होत होता, इतकेच. माझा सिद्धान्त एका अक्षरावर पडला.

तो माणूस कोण होता

घरी परतताना चुकीपेक्षा दुसरीच गोष्ट मला बोचत होती. यंत्राने पुसला होता तो नेमका भाषांतर करणारा माणूस, आणि तो कोणी ऐरागैरा नव्हता.

पिसुर्लेकरांनी १९५२ मध्ये पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातील राजकारणात वावरलेल्या एतद्देशीय हस्तकांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पोर्तुगीज सत्तेचे तोंड आणि कान म्हणून वावरलेली ही माणसे आहेत, आणि त्यांत गोव्यातल्या शेणवी घराण्यांचा वाटा मोठा आहे. रामाजी शेणवी कोठारी पोर्तुगीजांच्या वतीने शिवाजी महाराजांकडे वाटाघाटींना जात. मुंबईकर इंग्रजांकडेही नारायण शेणवी होता. १६७४ मध्ये ऑक्झेंडन रायगडावर गेला तेव्हा तो दुभाषी म्हणून सोबत होता. राज्याभिषेकाविषयी इंग्रजांनी जे लिहून ठेवले, त्यातले किती या माणसाच्या कानांतून आणि जिभेवरून आले असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

या दुभाष्यांवर मालकांचा पुरता विश्वास नसे आणि त्यांच्यावाचून चालतही नसे. पलीकडच्या दरबारात त्यांचे नातेवाईक असत. मालकाने सांगितलेले कठोर वाक्य पलीकडे जाताना मऊ होई आणि तिकडची धमकी इकडे येताना विनंती होई. काय सांगायचे आणि काय गाळायचे हे ते ठरवत. पण चुकले तर जाब देणारे एक नाव आणि एक मान त्यांच्याजवळ होती. यंत्राचा फरक मला इथे जाणवतो. तेही निवडते आणि गाळते, पण जाब विचारायला समोर कोणी नसते. मान असते ती आपली.

निवडलेला मजकूर

मग मी या यंत्राचे कूळ शोधले. जुलै १९४९ मध्ये वॉरन वीव्हर या अमेरिकी गणितज्ञाने एक टिपण लिहून परिचितांना पाठवले. युद्धात सांकेतिक संदेश फोडण्याचे तंत्र भरात आले होते. परकी भाषा हीदेखील एक सांकेतिक लिपीच समजावी आणि यंत्राने ती फोडावी, अशी त्याची कल्पना. ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी जाहीर प्रयोग केला. साठाहून अधिक रशियन वाक्ये यंत्राने इंग्रजीत आणली. यंत्राला अडीचशे शब्द आणि व्याकरणाचे सहा नियम ठाऊक होते. वर्तमानपत्रे हरखून गेली. तीन ते पाच वर्षांत प्रश्न सुटेल, असे सांगितले गेले. गोम एवढीच होती, की ती वाक्ये आधीच काळजीपूर्वक निवडलेली होती.

१९६० मध्ये बार-हिलेल या तत्त्वज्ञाने एक साधे उदाहरण दिले. इंग्रजीत 'पेन' म्हणजे लेखणी, आणि रांगते मूल ठेवायचे छोटे कुंपणही. पेटी 'पेन'मध्ये आहे असे म्हटले तर कोणता 'पेन', हे मुलाला कळते. यंत्राला कसे कळावे? १९६६ मध्ये अल्पाक समितीचा अहवाल आला आणि अमेरिकेतला सरकारी पैसा आटला. पुढे आयबीएमच्या संशोधकांनी कॅनडाच्या संसदेचे इंग्रजी-फ्रेंच इतिवृत्त शेजारी शेजारी ठेवले आणि कोणता शब्द कशासमोर येतो याचा हिशेब यंत्राकडून करवला. व्याकरण बाजूला पडले, आकडे पुढे आले. २००६ मध्ये गूगलची सेवा सुरू झाली, २०१३ मध्ये तीत मराठी आली आणि २०१६ पासून चेताजालाची पद्धत रुजली. तेव्हापासून वाक्ये इतकी सफाईदार येऊ लागली, की चूक शोधायची इच्छाच मरते.

माझ्या चुकीचे उत्तर या कुळात होते. यंत्र ज्या जोडमजकुरांवर शिकते ते आजचे असतात. पोर्तुगीज आणि मराठी यांचे शेजारी शेजारी ठेवलेले कागद फारच थोडे. म्हणून अशा जोड्यांचे भाषांतर पुष्कळदा इंग्रजीच्या पुलावरून जाते, आणि त्या पुलावर लिंग उतरवून ठेवावे लागते. इंग्रजीत 'दु' आणि 'दा' दोन्हींचे एकच अव्यय होते. पलीकडे पोहोचेपर्यंत पुरुष आणि जीभ एक झालेली असतात. शिवाय मी अर्धाच तुकडा निवडला होता. पूर्ण वाक्य दिले असते तर कदाचित यंत्रही सावरले असते.

दुसरे उदाहरण 'कार्ताझ' या शब्दाचे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज हिंदी महासागरात फिरणाऱ्या गलबतांना जो परवाना घ्यायला लावत, तो कार्ताझ. तो नसेल तर गलबत पकडले जाई. आजच्या पोर्तुगीजमध्ये त्याच शब्दाचा अर्थ भिंतीवर चिकटवायचे पोस्टर. यंत्राच्या मते आमच्या कोकणच्या नाखव्यांकडे पोस्टर नव्हते म्हणून त्यांची गलबते जप्त झाली! हे वाचून हसू येते आणि चूक पकडली जाते. 'राज्याच्या भाषेचा खर्च' वाचून हसू येत नाही. धोका अशाच वाक्यांत असतो.

आता काय करतो

यंत्र मी सोडलेले नाही. ते सोडणे म्हणजे पुन्हा दोन पानांना एक संध्याकाळ. पण नळीत मी एक गाळणी बसवली आहे. मजकूर 'ट्रान्स'कडे जाण्याआधी 'सेड' नावाच्या लहान प्रोग्राममधून जातो. त्याला मी शब्दांची यादी दिली आहे. 'इदालकांव' दिसला की आदिलशहा, 'निझामालुकु' दिसला की निजामशहा. कार्ताझच्या जागी परवान्याचा आधुनिक पोर्तुगीज शब्द. आणि 'दु लिंग्वा' दिसला की दुभाष्यासाठीचा आजचा शब्द. वाक्य पूर्ण असल्याशिवाय निवडत नाही. इंग्रजी आणि मराठी दोन्ही उत्तरे मूळ ओळीखाली छापून घेतो, आणि ज्या वाक्यावर लेखाचा भार आहे ते शब्दकोश घेऊन हातानेच लावतो.

ही यादी मी केलेली नाही. तिच्यातले निम्म्याहून अधिक शब्द बाईंच्या तोंडून आले आहेत. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा पोर्तुगीज शाळांतून शिकत असलेली पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. मोडी वाचणाऱ्यांचे जे झाले तेच या पिढीचे होत आहे. कागद स्कॅन होतील, अक्षरे ओळखली जातील, मराठी ओळीही क्षणात मिळतील. 'हा पुरुष आहे' असे सांगणारे कोणी उरले नाही, तर त्या ओळी तशाच इतिहासात जातील.

कबूल केलेला लेख मी मागे घेतला. संपादक रागावले नाहीत. त्याऐवजी हाच लिहा म्हणाले. बाईंकडे आता दर महिन्याला जातो. त्यांना हल्ली वाचताना त्रास होतो, म्हणून मी ओळी मोठ्याने वाचतो आणि त्या अर्थ सांगतात. गेल्या खेपेला यादीत एकोणीस शब्द वाढले. पुढच्या खेपेसाठी बेचाळीस काढून ठेवले आहेत.