परलोकाचा वाद आणि पायासीचे दान

परलोकासंबंधीचे वाद तिपिटकात पुष्कळ आहेत. परंतु दीघनिकायातील तेविसावे 'पायासि सुत्त' त्या सर्वांहून निराळे आहे. येथे परलोक नाकारणारा मनुष्य नुसता युक्तिवाद करीत नाही. त्याने प्रयोग केलेले आहेत. कोसल देशातील सेतव्या हे नगर राजा पसेनदीने ज्याला इनाम दिले होते तो पायासी राजञ्ञ आणि तेथील सिंसपावनात पाचशे भिक्खूंसह उतरलेले स्थविर कुमार कस्सप यांच्यामधील हा संवाद. परलोक नाही आणि सुकृत-दुष्कृतांचे फळही नाही, हे पायासीचे मत.

दुराचारी आप्त मरणासन्न असताना पायासीने त्यांना बजावले होते की, नरकात गेलात तर येऊन सांगा. कोणीही आले नाही. एका चोराला त्याने जिवंतपणी हंड्यात कोंडले, तोंड ओल्या कातड्याने व मातीने लिंपून हंडा चुलीवर ठेवला. मग हळूच उघडून पाहिले, तर जीव बाहेर पडताना दिसला नाही. दुसऱ्याला जिवंत तोलले, गळा आवळून मारले व पुन्हा तोलले. प्रेत अधिक जड भरले. पालीच्या वर्गात हे सुत्त शिकविताना विद्यार्थी हमखास पायासीची बाजू घेतात, आणि आम्ही त्यांना अडवीत नाही.

कस्सपांची उत्तरे उपमांची आहेत. त्यांतील अरणीची उपमा आम्हाला सर्वांत समर्थ वाटते. विझलेला अग्नी पुन्हा मिळवावा म्हणून एका अजाण मुलाने अरणी कुऱ्हाडीने फोडून तिचे तुकडे तुकडे केले, तरी अग्नी सापडला नाही. शोधाची रीत चुकली तर न सापडणे हा अभावाचा पुरावा ठरत नाही, हा त्यातील आशय आजही मान्य व्हावा. पण तेवढ्याने परलोक सिद्धही होत नाही. देवलोक आहे हे कोणी सांगितले, या प्रश्नावर कस्सप जन्मांधाचा दाखला देतात: त्याला रंग दिसत नाहीत म्हणून रंग नाहीत असे नव्हे, दिव्यचक्षू असलेले श्रमण परलोक पाहतात. येथे ज्ञानाची हद्द संपून दुसऱ्याच्या दृष्टीवरील विश्वास सुरू होतो, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. पायासी ज्या 'जीवा'चा शोध घेतो, तो धम्माला मान्यच नाही. जीव व शरीर एकच की भिन्न, हा प्रश्न भगवंतांनी अव्याकृत ठेवला. कस्सप येथे प्रतिपक्षाचीच भाषा वापरून बोलतात. जैनांच्या 'रायपसेणिय' ग्रंथात राजा पएसी आणि केशी यांची जवळजवळ हीच कथा आहे. तेथे मात्र ती आत्मा सिद्ध करण्यासाठी येते. आत्मा नाकारल्यावर कर्म आणि पुनर्जन्म कसे संभवतात, हा प्रश्न बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत उपस्थित केला. त्याचे उत्तर कस्सपांच्या उपमांत शोधू नये.

त्याच कोसलातील केसपुत्त येथे कालामांसमोर स्वतः भगवंतांनी निराळी वाट घेतली. परलोक असेल तर वैररहित चित्ताच्या मनुष्याची गती चांगलीच होईल. नसेल, तर याच जीवनात तो निर्वैर व सुखी राहील. सदाचाराला त्यांनी परलोकाच्या खुंटीवर टांगले नाही.

पायासी अखेर निरुत्तर होतो, पण मत सोडीत नाही. पसेनदी आणि इतर राजे मला याच मताचा म्हणून ओळखतात, ते काय म्हणतील, ही त्याची अडचण! तेव्हा कस्सप तागाचा भारा वाहणाऱ्याची गोष्ट सांगतात. वाटेत रुपे दिसले, सोने दिसले, तरी त्याने भारा टाकला नाही. का, तर तो दुरून आणला होता आणि नीट बांधला होता. परलोक मानणाऱ्यांच्या डोक्यावरही असे भारे असतात, एवढे आम्ही जोडतो.

हंड्यात भाजलेल्या त्या चोराचे नाव सुत्तात नाही. पुढे यज्ञातील गाई, शेळ्या, मेंढ्यांसाठी बोलणारे कस्सप त्या चोरांसाठी एक शब्दही काढीत नाहीत. हे आम्हाला खटकते.

शेवटी पायासी शरण गेला आणि श्रमण-ब्राह्मणांना व दीनदुबळ्यांना दान देऊ लागला. काय दिले? कण्यांचा भात, आंबट कांजी आणि जाडीभरडी वस्त्रे. दानावर नेमलेला उत्तर नावाचा तरुण दान वाटून झाले की म्हणे, या पुण्याने पायासीची गाठ याच लोकी पडो, परलोकी नको! पायासीने जाब विचारला, तेव्हा त्याने निर्भयपणे सांगितले की, जे अन्न आपण पायानेही शिवणार नाही ते आपण लोकांना वाढता. ज्यांच्या वाडवडिलांनी दुरून टाकलेली भाकर ओंजळीत झेलली, त्यांना उत्तराचे हे बोलणे समजावून सांगावे लागत नाही.

पायासीने आज्ञा दिली: मी जेवतो तेच अन्न द्या, मी नेसतो तीच वस्त्रे द्या. तरीही सुत्तकाराने दोघांचा हिशेब वेगळा मांडला आहे. उत्तर आदराने, स्वतःच्या हाताने वाढीत होता. तो तावतिंस देवांत गेला. पायासीने बेपर्वाईने, दुसऱ्याच्या हातून दिले होते. त्याच्या वाट्याला सेरीसक नावाचे रिकामे विमान आले. अन्न बदलले होते. वाढणारा हात मात्र शेवटपर्यंत उत्तराचाच राहिला.