गाणाऱ्याचा चेहरा आणि कॅमेऱ्याचें भिंग

गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. त्यांची मैफल ज्यांनीं ऐकली त्यांपैकीं आतां कोणी हयात नाहीं. त्यांच्या गाण्याची कल्पना बालगंधर्व, मास्तर कृष्णराव अशा शिष्यांच्या गाण्यावरून करावयाची. निदान चेहऱ्याची कल्पना छायाचित्रावरून करावी म्हटलें, तर तेथेंहि मनाचें समाधान होत नाहीं. त्या पिढीच्या गवयांचीं जीं छायाचित्रें आज पाहावयास मिळतात, तीं बहुतेक स्टुडिओंतलीं आहेत. मागें रंगविलेला पडदा, शेजारीं तिपाई, वस्त्रांच्या घड्या नीट बसविलेल्या, हात मांडीवर स्थिर, ओंठ मिटलेले. चित्रांत गवई आहे, पण तो गात नाहीं. याच्या उलट पंडित भीमसेन जोशी यांचें नांव काढतांच मिटलेले डोळे, तानेबरोबर वर गेलेला हात आणि स्वराच्या ओढीनें पिळवटलेला चेहरा डोळ्यांपुढें उभा राहतो. ज्यांनीं त्यांस समोर बसून कधीं ऐकलें नाहीं, त्यांच्याहि पुढें उभा राहतो. दोन पिढ्यांच्या स्मृतींत हा जो एवढा फरक पडला, तो मुख्यत्वें कांचेच्या एका तुकड्यानें पाडला. त्याचीच ही हकीकत आहे.

छायाचित्रणाची कला १८३९ सालीं फ्रान्समध्यें जगजाहीर झाली. लगेच पुढच्या वर्षीं व्हिएन्ना येथील गणिताचे अध्यापक पेत्झव्हाल यांनीं माणसांच्या चित्रांसाठीं एक भिंग हिशेबानें सिद्ध केलें. त्यापूर्वींच्या भिंगांपेक्षां तें कित्येक पट अधिक प्रकाश आंत घेई. समोर बसणाऱ्यास मिनिटेंच्या मिनिटें निश्चल राहावें लागे, तो काळ त्यामुळें पुष्कळ कमी झाला. आपल्याकडे ही विद्या येण्यास वेळ लागला नाहीं. मुंबईस १८५४ सालींच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढींतले नांवाजलेले छायाचित्रकार होत. परंतु हीं सारीं चित्रें दिवसाउजेडाचीं. मैफल व्हावयाची रात्रीं, समयांच्या आणि झुंबरांच्या उजेडांत. त्या उजेडांत प्लेटीवर कांहीं उमटावयाचें तर गवयानें तान थांबवून बसलें पाहिजे. आणि तान थांबविल्यावर मग चित्र कशाचें घ्यावयाचें?

रंगभूमीचीहि तीच गत होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'संगीत शाकुंतल' १८८० सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें आणि महाराष्ट्र पदांनीं वेडावून गेला. पुढें बालगंधर्वांच्या वेषभूषेच्या छायाचित्रांनीं घरोघरच्या भिंती सजल्या. त्यांतलें लावण्य कोणी नाकारणार नाहीं. तथापि तीं चित्रें ठरवून उभें राहून काढविलेलीं आहेत. पद रंगत असतांना तो चेहरा कसा दिसे, हें त्यांवरून कळत नाहीं.

उजेड कमी पडतो, तर तो आपणच पाडावा, हा उपाय जर्मनींत १८८७ सालीं निघाला. मॅग्नेशियमच्या भुकटींत दुसरीं द्रव्यें मिसळून ती पेटविली कीं क्षणभर लख्ख उजेड पडे. मागोमाग धुराचा लोट उठे आणि राख खालीं बसे. भर मैफलींत असला प्रकार कोण करूं देणार? पुढें १९२९ च्या सुमारास कांचेच्या गोळ्यांत कोंडलेला झगझगाट मिळूं लागला आणि नंतर विजेचा फ्लॅश आला; धूर गेला, पण उपद्रव गेला नाहीं. आलापींत डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या तोंडावर वीज पाडणें हा निव्वळ अविचार आहे. शिवाय त्यानें चित्रहि बिघडतें. रंगमंचावरील दिव्यांनीं जी छाया-प्रकाशाची घडण केलेली असते, ती समोरच्या झगझगाटानें सपाट होते. अंतर दुप्पट झालें कीं उजेड चतुर्थांश उरतो, हा नियम शाळेंत सर्वांनींच पाठ केलेला असतो. तरीहि मांडवाच्या मागच्या टोंकाकडून भ्रमणध्वनीचा फ्लॅश उडविणारे रसिक आजहि दिसतात. त्यांच्या चित्रांत पुढच्या रांगेंतल्या टकलांखेरीज कांहीं उजळत नाहीं!

खरा मार्ग कांचेंतून निघाला. भिंग किती प्रकाश घेतें हें सांगण्याची रीत अशी, कीं त्याच्या नाभीय अंतरास त्याच्या उघड्या तोंडाच्या व्यासानें भागावें. जो आंकडा येईल तो जितका लहान तितकें भिंग तेजस्वी. त्यासच छायाचित्रकार एफ असें म्हणतात. १९२४ सालीं ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्यानें लुडविग बेर्टेले या तरुण गणितज्ञाचें एफ २ चें भिंग बसवून एर्मानॉक्स नांवाचा छोटा कॅमेरा विक्रीस काढला. घरांतल्या दिव्यांच्या उजेडांत, फ्लॅशवांचून, माणसांचीं चित्रें आतां येऊं लागलीं. एरिख सालोमोन यांनीं याच कॅमेऱ्यानें १९२८ पासून न्यायालयांत आणि मुत्सद्द्यांच्या बैठकींत, कोणास चाहूल लागूं न देतां चित्रें घेऊन युरोपास चकित केलें. १९२५ सालीं लायका हा चित्रपटाच्या फितीवर चालणारा कॅमेरा बाजारांत आला. त्याचें भिंग एफ ३.५ चें होतें. १९३२ सालीं त्याच बेर्टेले यांनीं झाइस कारखान्यासाठीं काँटॅक्स कॅमेऱ्याचें सोनार हें एफ १.५ चें भिंग रचलें. या आंकड्यांचे वर्ग करून भागाकार केला तर सोनार लायकाच्या भिंगाहून पांचपटीपेक्षां अधिक प्रकाश घेतें असें दिसून येईल. जेथें अर्धा सेकंद लागे तेथें आतां एक-दशांश सेकंद पुरे. १९३५ सालीं त्याच कारखान्यांत स्माकुला यांनीं कांचेवर पातळ लेप देण्याची युक्ति शोधली. रंगमंचाचे दिवे भिंगावर आले कीं चित्रावर जें धुकें पसरे, तें या लेपानें हटूं लागलें. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठीं १८० मिलिमीटरचें, एफ २.८ चें लांब सोनार निघालें. त्याचा उपयोग धांवणाऱ्यांसाठीं होता. गाणाऱ्यांना त्याचा लाभ पुढें व्हावयाचा होता.

सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ सालीं पुण्यांत वारले. त्यांच्या स्मरणार्थ शिष्य भीमसेन जोशी यांनीं आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फें १९५३ पासून महोत्सव सुरू केला. तो वाढत वाढत मैदानावरच्या प्रचंड मांडवांत आला. रमणबागेच्या मैदानावर तो वर्षानुवर्षें भरे. २०१८ पासून तो मुकुंदनगरांत भरूं लागला. रात्रींच्या ध्वनिक्षेपकावर निर्बंध येण्यापूर्वीं गाणें रात्रभर चाले आणि पहाटेचे राग पहाटेसच ऐकावयास मिळत. छायाचित्रकाराच्या दृष्टीनें अशी अडचणीची आणि अशी संपन्न जागा दुसरी क्वचितच असेल. पुण्याचे सतीश पाकणीकर यांनीं या मांडवांत टिपलेले कलावंत पुढें प्रदर्शनांतून लोकांनीं आवडीनें पाहिले. दिल्लीचे अविनाश पसरिचा यांनींहि संगीत-नृत्याच्या चित्रांत आयुष्य वेंचलें.

साधनेंहि त्याच सुमारास अनुकूल झालीं. १९५४ सालीं ट्राय-एक्स ही जलद फिल्म फितीच्या कॅमेऱ्यांसाठीं मिळूं लागली, आणि १९५९ सालीं निकॉन एफ हा आरशाचा कॅमेरा निघाला. त्यांत भिंग जें पाहतें तेंच डोळ्यास दिसे, त्यामुळें लांब भिंग वापरणें सोयीचें झालें. मात्र आयातीवरील निर्बंधांच्या काळांत असलें भिंग मिळविणें आपल्याकडे सोपें नव्हतें. ज्याच्यापाशीं एक चांगलें भिंग असे, तो त्या एकाच भिंगाच्या आवाक्याप्रमाणें मांडवांतली जागा निवडी. ही शिस्त फुकट गेली असें मुळींच म्हणतां येणार नाहीं.

कारण भिंगाची निवड ही मुळांत जागेची निवड आहे. फितीच्या चौकटीची लांबी ३६ मिलिमीटर. अंतरास ३६ नें गुणून भिंगाच्या मिलिमीटरांनीं भागलें कीं चौकटींत किती मीटर मावतील तें कळतें. गायक दहा मीटरांवर आहे असें धरलें, तर ५० मिलिमीटरच्या भिंगांत सात मीटरांहून थोडें अधिक मावतें. सगळा मंच येतो, गवई तेवढा बोटभर दिसतो. १८० मिलिमीटरचें भिंग लावून कॅमेरा उभा धरला तर उंचींत दोन मीटर मावतात. मांडी घालून बसलेला गायक त्यांत जवळजवळ अर्धी चौकट व्यापतो, आणि वर उचललेल्या हातास जागा उरते. पांच मीटरांवर बसावयास मिळालें तर हेंच चित्र ८५ मिलिमीटरच्या भिंगांत येतें. आतां ८५ चें भिंग एफ १.८ चें सहज मिळतें आणि १८० चें बहुधा एफ २.८ चें, म्हणजे जवळ बसणाऱ्यास जवळजवळ अडीचपट प्रकाश लाभतो. पण जवळ बसणाऱ्याची प्रत्येक हालचाल गायकास दिसते. मागें श्रोते असतात, त्यांच्या दृष्टीआड उभें राहणें हा तर उघड अपराध. म्हणून मोठ्या मांडवांत लांब भिंगच सभ्यपणाचें ठरतें.

तेजस्वी भिंगाचा आणखी एक गुण आहे. दहा मीटरांवरून १८० चें भिंग एफ २.८ वर पूर्ण उघडलें असतां सुमारें अर्ध्या मीटरएवढीच खोली स्पष्ट उमटते. गायकाचे डोळे रेखीव, आणि मागच्या तंबोऱ्यांच्या तारा विरघळल्यासारख्या. श्रोत्याच्या मनांतहि तंबोरा असाच असतो! परंतु डोळ्यांवर नेम न साधतां तो पुढच्या ध्वनिक्षेपकाच्या दांडीवर बसला, तर दांडी तेवढी झकास येते. या दांडीनें गेल्या कित्येक पिढ्यांच्या छायाचित्रकारांस छळलें आहे. अगदीं समोरून चित्र घेतलें कीं ती नेमकी ओंठांवर येते. यासाठीं थोडें बाजूस सरावें लागतें.

लांब भिंग हातांत स्थिर राहत नाहीं. जुना ठोकताळा असा, कीं १८० च्या भिंगास सेकंदाचा दोनशेवा भाग तरी हवा. विलंबित ख्यालांत गायक संथ असतो. द्रुत तानेचा हात मात्र त्याहूनहि जलद फिरतो. मांडवांतल्या उजेडांत एवढा वेग साधण्यासाठीं फिल्मीच्या काळांत ती मर्यादेपलीकडे धुऊन घेत, आणि चित्रावर वाळूसारखे कण उमटत. २००७ सालीं निकॉन डी ३ सारखे कॅमेरे आले, त्यांनीं अंधुक उजेडांतहि स्वच्छ चित्र देण्यास आरंभ केला, आणि एफ २.८ चें ७० ते २०० मिलिमीटरचें सरकतें भिंग मैफलींत सर्रास दिसूं लागलें. नवशिक्यास कॅमेऱ्याबरोबर जें सरकतें भिंग मिळतें, तें लांब केलें कीं एफ ५.६ वर येतें; म्हणजे एफ २.८ च्या चतुर्थांश प्रकाश. त्यापेक्षां एफ १.८ चें साधें, न सरकणारें भिंग घेऊन चार पावलें चालावें, हें केव्हांहि बरें.

आरशाच्या कॅमेऱ्याचा खटका शांत आलापींत दूरवर ऐकूं येतो. जाणते लोक समेची वाट पाहत आणि तबल्याच्या ठोक्यांत खटका लपवीत. आतां बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत आवाजच नाहीं. मात्र त्या मूक पद्धतींत कांहीं विजेच्या दिव्यांखालीं चित्रावर आडवे पट्टे पडतात.

महोत्सवाच्या मांडवाबाहेर, राजगड-तोरण्याच्या मुलखांतील विंझरसारख्या गांवीं देवळांत सप्ताहाचें कीर्तन असेल, तर हिशेब तोच, आंकडे निराळे. तेथें कॅमेरावाला चार मीटरांवर उभा राहूं शकतो. ५० चें भिंग उभें धरलें तर उंचींत पावणेतीन मीटरांहून थोडें अधिक मावतें. उभा बुवा डोक्यापासून पायांपर्यंत येतो, आणि मागच्या टाळकऱ्यांची रांग अर्धवट दिसते. छताला नळीचे दिवे असतील तर ते सेकंदास शंभर वेळां मिणमिणतात. म्हणून शंभराव्या भागापेक्षां जलद गेलें तर एक चित्र उजळ, दुसरें काळपट असें होतें. शंभरावा भाग ठेवावा, भिंग पूर्ण उघडावें, आणि अभंगाचें चरण संपून बुवा क्षणभर थांबतात तेव्हां बोट दाबावें. चिपळ्यांचा हात थोडा पुसट येईल, तो तसाच येऊं द्यावा.